चमचाभर पुडीतले कोट्यवधी

तीर्थस्वरूप वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे खाली वाकवत नाही म्हणून कागदावरच घालते आहे, पोचला असं समजावं.) तुमची कंबर आता कशी आहे? तुमच्या यजमानांचा खोकला थांबला का? इकडे सासूबाईंची तब्येत उत्तम आहे, म्हणजे त्यांचा आवाज शेडच्या पलीकडच्या टोकापर्यंत जातो. देवाच्या कृपेने बाकी सगळे ठीक आहेत, कोंबड्या सोडून; आणि कोंबड्या ठीक आहेत की नाहीत हे ठरवायला एक माणूस आज यायचा आहे. म्हणून घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घ्यावं.

पत्र अशासाठी की फोन तुम्ही उचलत नाही, आणि कागद कुणाला आपटता येत नाही. (हा कागद दाण्याच्या पोत्यांबरोबर येणाऱ्या जाहिरातीची मागची बाजू आहे. पुढच्या बाजूला जी गुटगुटीत कोंबडी छापली आहे तिच्याकडे लक्ष देऊ नये, ती आमची नाही.) झाल्या प्रकाराबद्दल तुम्ही रागावलात ते रास्तच आहे. मी तुमच्या जागी असते तर मीही फोन ठेवला असता, फक्त जरा हळू ठेवला असता, कारण यंत्र महाग असतं.

आजच्या दिवसाचं असं आहे. ज्या कंपनीची पिल्लं आम्ही वाढवतो तिचा वजनवाला आज यायचा आहे. (आमचे हे त्याला 'काटा' म्हणतात. तो कधी हसत नाही, आणि आला की आधी छताच्या तुळईला तराजू अडकवतो, मग नमस्कार करतो.) तो शेडच्या चार कोपऱ्यांतले पक्षी पकडून तोलणार आणि सरासरी काढणार. ती कंपनीच्या खुणेच्या वर आली तर पुढची पिल्लं मिळतील. खाली आली तर शेडला कुलूप, आणि ह्यांनी तुमच्या यजमानांच्या गोदामाच्या फाटकाशी स्टुलावर बसायचं. तुम्ही ते स्टूल ह्यांच्यासाठी राखून ठेवलं आहे हे तुमचं मोठेपण आहे, वन्सं, मी विसरलेले नाही. हेही विसरलेले नाहीत. त्यांना त्या स्टुलाची स्वप्नं पडतात. परवा दुपारी डोळा लागला होता त्यांचा, तर झोपेतच म्हणाले, "गाडीचा नंबर सांगा, मगच आत सोडेन."

तुम्हाला ठाऊकच आहे, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं जगच आता बंद पडलं आहे. ह्यांच्या दुकानात शेवटी शेवटी लोक यायचे ते वेळ विचारायला, आणि तीही स्वतःच्या फोनमधली बरोबर आहे ना, एवढं पडताळायला. दुकान बंद केल्यावर हे सहा महिने घरातल्या घरात भिंतीवरचं घड्याळ पुसत होते. मग ही शेड घेतली. लहान पिल्लं आली तेव्हा हे त्यांना कानाशी धरून ऐकायचे, आणि "चालू आहे" म्हणून खाली ठेवायचे. मी इतक्या वर्षांत त्यांना इतकं आनंदी पाहिलं नव्हतं. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "घड्याळं होती तेव्हा निदान वास तरी येत नव्हता." पण तेवढं त्या सगळ्यांनाच म्हणतात.

पहिल्या दोन खेपा बऱ्या गेल्या. ह्या तिसऱ्या खेपेला घोळ झाला, आणि तो आधी मला कळला. मी रोजचा दाणा लिहून ठेवते, आणि आठवड्याला पाच-दहा पिल्लं स्वयंपाकघरातल्या तराजूत घालून बघते. (तराजू नंतर उकळत्या पाण्याने धुते, तुम्ही इकडे आलात तर निर्धास्त जेवा.) तर दाणा आत जात होता आणि अंगी लागत नव्हता. माझ्या माहेरी एक चुलतभाऊ असाच होता. पंगतीला बसला की वाढणारा थकायचा, आणि उठला की सदरा तसाच लोंबायचा. चुलतभावाला कुणी तोलायला येत नव्हतं, एवढाच फरक. मग शेडमधला भुसा ओला व्हायला लागला. पिल्लांचं पोट बिघडलं होतं. भुशाला असा उग्र वास यायचा की डोळ्यांतून पाणी, आणि त्या पाण्याला मी भक्ती समजत होते, कारण जप नेमका शेडशेजारच्या ओट्यावर बसून करते.

ह्यांनी काय करावं? घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून हे रोज सकाळी उकिडवे बसून विष्ठा बघायला लागले. एकेक. माणूस हिऱ्याकडे बघतो तसं. "ह्यात दाणा न पचता तसाच दिसतो आहे," म्हणून मलाही बोलावलं. मी म्हटलं, तुमच्या शब्दावर विश्वास आहे माझा.

तेव्हा तुम्ही मदतीला धावलात, वन्सं. तुम्ही तुमच्या दुकानातले त्या पुडीचे दोन डबे पाठवलेत, आणि फोनवर सांगितलंत की ही पूड पाण्यातून द्या, पिल्लांची आतडी ताळ्यावर येतील, खाल्लेलं अंगी लागेल. पाणी मात्र स्वच्छ घ्या. मी तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. पाणी दुहेरी फडक्याने गाळलं. (पाण्यात एखादा जीव असला तर तो फडक्यावर राहावा आणि बागेत सोडता यावा, म्हणून मी नेहमीच गाळते.) आणि मग पूड पाण्यात घातली, तर ती विरघळेना. तळाशी बसली. आता तुम्हीच सांगा, एवढी महागामोलाची पूड तळाशी बसलेली कुणाला बघवेल? चहाची पूड वरून भुरभुरली तर उतरते का? म्हणून मी मोठं पातेलं चुलीवर ठेवलं आणि पूड खळाखळा उकळून घेतली. छान उतरली. पाण्याला रंग आला. ते निववून मी पुन्हा गाळायचे, हे शिडीवरून टाकीत ओतायचे आणि टाकीतून ते नळीने पिल्लांपर्यंत जायचं. फडक्यावर जो गाळ राहायचा तो मी वाळवून दुसऱ्या दिवशीच्या उकळीत घालत होते. आमच्याकडे माणसांची पोटं बिघडली तेव्हा त्यांनाही उकळलेलंच पाणी दिलं आहे मी, आणि सगळी जगली आहेत, सासूबाई तर चांगल्याच.

पण पिल्लं काही सुधरेनात. पहिला डबा संपत आला, भुसा ओलाच, आणि वर टाकीच्या पाण्याला दवाखान्याच्या फरशीसारखा वास येऊ लागला. मी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "टाकी नवीन आहे, प्लॅस्टिकचा असेल." मी आणखी दहा मिनिटं उकळायला लागले.

त्यातच तुमचा फोन आला. तुम्ही चांगल्या मनाने विचारलंत की पुडीचा गुण आला का, आणि नसेल तर म्हणे स्टूल आहेच. तुम्ही 'स्टूल' म्हणालात तेव्हा हे दुसऱ्या खोलीत होते, पण तो शब्द ह्यांना भिंतीतूनही ऐकू येतो. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि तुमच्या यजमानांविषयी जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही ते ऐकलंतच, आणि शेजाऱ्यांनीही. 'खडूची भुकटी' हा शब्द मात्र त्यांनी वापरायला नको होता. 'डब्यात भरून विकणारे दरोडेखोर' हाही. माणूस भितो तेव्हा ओरडतो, वन्सं. तुमचा भाऊ लहानपणी अंधारात मोठ्याने पाढे म्हणायचा, हे तुम्हीच मला सांगितलं आहे. हे ते पाढे होते.

(आत्ता फाटक वाजलं म्हणून उठले होते. मांजर होतं.)

दुसऱ्या दिवशी हे पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. वयाने लेकीएवढ्या, पण हात झपाझप चालणारा. त्यांनी त्या दिवशी मेलेलं एक पिल्लू मागितलं, चिमटे-कात्री काढली आणि त्याचं आतडं उघडून आम्हाला दाखवलं. मी एका डोळ्याने बघितलं, दुसऱ्याने देवाचं नाव घेत होते. त्या म्हणाल्या, काकू, निरोगी आतड्याला आतून अंघोळीच्या जाड टॉवेलसारखी लव असते. तीच खाल्लेलं शोषून घेते. हे बघा, ह्या पिल्लाचा टॉवेल झिजून पंचा झाला आहे. वाईट जंतूंनी जागा धरली आहे आत. दाणा नुसता येतो आणि जातो. मग त्यांनी ह्यांना विचारलं की पाण्यात आणखी काही टाकता का. हे म्हणाले, "पाण्यात? पाण्यात पाणी," आणि त्यांच्या हातातला डबा खाली पडला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना भुसा उलथायला आणि चुना आणायला बाहेर पाठवलं, आणि मला विचारलं, पूड कशी देता?

मी कौतुकाने सांगितलं. गाळण्यापासून उकळीपर्यंत. वाळवलेल्या गाळाचं तर जरा जास्तच रंगवून सांगितलं, कारण काटकसरीची कदर करणारे हल्ली कमी भेटतात. डॉक्टरीणबाईंनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "काकू, ती पूड म्हणजे जीव आहेत. पोटाला चांगले असलेले जंतू. झोपलेले असतात, पाण्यात पडले की जागे होतात, आतड्यात जाऊन वाइटांची जागा धरतात. चमचाभर पुडीत कोट्यवधी. जिवंत."

"आणि उकळले तर?"

"तर काय. सूप."

वन्सं, मी दाण्याच्या पोत्यावर खाली बसले. तुम्ही मला ओळखता. साखरेच्या डब्यात मुंगी दिसली तर मी तिला पिसाने उचलून खिडकीत नेऊन सोडते. डास मारायचा तर त्याला आधी बजावते. पाण्यातला एक जीव वाचावा म्हणून मी दुहेरी फडक्याने गाळत होते, आणि गाळून झाल्यावर त्याच पाण्यात दररोज सकाळी, देवाचं नाव घेत, कोट्यवधी जीव खळाखळा उकळत होते. वर म्हणत होते, छान उतरली. त्यांची झोपसुद्धा पुरी झाली नव्हती हो. मी हिशेब मांडायला बसले: एका चमच्यात इतके, पातेल्यात तीन चमचे, दिवस अमुक. मॅट्रिकला शिकवलेली शून्यं संपली, तरी आकडा संपेना. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्यांना दुखतं का? त्या म्हणाल्या, "कधी विचारलं नाही." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "नसेल, काकू. फार लहान असतात." पण लहान असणं हा काही न दुखण्याचा पुरावा नाही.

तुमच्या यजमानांची पूड खडू नव्हती, वन्सं. ती निर्दोष होती. दोष माझ्या पातेल्याचा. हे सांगायला हे पत्र, आणि म्हणून तो फोन तुम्ही मनातून काढून टाकावा, माझ्यावर रागवावं, त्यांच्यावर नाही. मी डॉक्टरीणबाईंना हात जोडून म्हटलं, ह्यांना सांगू नका. त्यांनी मेहुण्यांना दरोडेखोर म्हटलं आहे. पूड चांगली होती हे कळलं तर ते उपाशी राहतील पण त्या घरचा डबा पुन्हा हातात धरणार नाहीत, लाजेने. डॉक्टरीणबाई मोठ्या मनाच्या, पोटात ठेवणाऱ्या. जाताना फाटकाशी ह्यांच्याशीही काहीतरी हळू बोलल्या, हे मान खाली घालून ऐकत होते. फीचं असावं.

आता देवाची करणी बघा. तुमचा दुसरा डबा मी उघडलाच नव्हता. पहिला पुरता झाडून संपेपर्यंत दुसरा उघडायचा नाही, हा माझा नियम. तुम्ही मला त्यावरून चिक्कू म्हणाला होतात. (मनाला लावून घेतलं नाही, फक्त लक्षात ठेवलं.) तो डबा जपाच्या ओट्याखाली, थंड, अंधाऱ्या कोनाड्यात होता, सगळे आत सुखाने झोपलेले. आता मी ती पूड गार पाण्यात, हळूहळू, लाकडी पळीने ढवळते, आणि ढवळताना आतल्यांना सांगते की घाबरू नका, आता पद्धत बदलली आहे. तळाशी बसली तर बसू देते. हे रोज भुसा उलथतात, चुना टाकतात, ओला तेवढा काढून कोरडा घालतात. दाणा एकदम न घालता थोडा थोडा घालतो. टाकीचा तो दवाखान्याचा वासही आपोआप गेला. मी त्यासाठी वेगळा जप केला होता, त्याचा गुण.

पिल्लांनी आठवड्याभरात ऐकलं. भुसा कोरडा पडला. विष्ठेबद्दल अधिक लिहीत नाही, पण ह्यांनी भिंग डोळ्यावरून काढून पुसलं आणि "वा" म्हणाले. पक्षी खायला लागले ते असे की गेलेले दिवस भरून काढायचे आहेत. पण दिवस थोडे होते हो. माझ्या तराजूत सरासरी रोज चढते, आणि खूण तिथल्या तिथे उभी. कधी वाटतं पोचलो, कधी वाटतं दोन दाणे कमी. काल मी शेडमध्ये पाऊल वाजू देत नव्हते, धावपळीने उगाच वजन उतरायला नको.

प्रायश्चित्त म्हणून मी चहातली साखर सोडली आहे. मला साखर किती आवडते ते तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच ती सोडली. कारलं सोडून पाप फिटत नाही. ह्यांना सांगितलं, काटकसर. गंमत म्हणजे हेही हल्ली बिनसाखरेचा घेतात. विचारलं तर म्हणाले, "वय झालं." सासूबाई तीन चमचे घेतात, त्यामुळे घरातली सरासरी तशीच आहे.

फाटक. ह्या वेळी मांजर नाही. तराजू दिसतो आहे. पत्र उशीखाली ठेवते.

आता संध्याकाळ आहे आणि मी ओट्यावर बसून लिहिते आहे. झालं ते क्रमाने सांगते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

काट्याने तुळईला तराजू अडकवला, मग नमस्कार केला. पहिल्या कोपऱ्यातले पक्षी जाळीच्या खोक्यात भरले, खोकं टांगलं. सुई पुढे गेली, डुलली, थांबली. खुणेच्या वर! चांगली वर! दुसरा कोपरा, वर. मी दाराआड माळ धरून उभी होते, मणी ओढायचे विसरले. काटा वहीत लिहीत होता. तिसऱ्या वेळी खोकं खाली घेतलं, तराजू रिकामा लटकत होता, आणि मी ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. वन्सं, लग्नाला इतकी वर्षं झाली. मला तो चेहरा माहीत आहे. दुसऱ्याच्या घरी गेलो आणि भिंतीवरचं घड्याळ मागे असलं की तो चेहरा होतो. मी मनात म्हटलं, देवा, ह्यांची वाचा घे. दोन मिनिटांपुरती.

"साहेब," हे म्हणाले, "सुई पुढे आहे."

काटा म्हणाला, "कुठे?"

"रिकामा आहे ना तराजू? मग शून्यावर हवी. केसभर पुढे आहे."

"काका, पुढे आहे तर तुमचाच फायदा."

"हो, पण पुढे आहे."

मी देवाजवळ आयुष्यात कधी खोट्याची बाजू घेतली नव्हती. आज घेतली. म्हटलं, तू सत्यस्वरूप वगैरे आहेस ते मान्य, पण आजचा दिवस डोळा मीट. तोवर ह्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं होतं, बारीक पेचकस काढला होता, आणि काट्याचा तराजू उलटा मांडीवर घेऊन बसले होते, बाळाला बघावं तसे. खिडकीतून सासूबाई ओरडल्या, "स्वतःच्या लग्नात हॉलचं घड्याळ उतरवून दुरुस्त करत बसला होता, नवरी उभी!" (खरं आहे. पाय दुखले होते माझे.) काटा पहिल्यांदाच गोंधळलेला दिसला. शून्याचा स्क्रू ढिला झाला होता म्हणे. हे तो हळूच फिरवत होते आणि तराजूला कान लावून होते, आणि मला वाटत होतं, ते स्वतःच्या हाताने स्वतःसाठी स्टूल ठोकत आहेत.

मग सगळं पहिल्यापासून. पहिला कोपरा: खुणेच्या वर, पण आता जेमतेम. दुसरा: खाली. तिसरा: खाली. ह्यांचा चेहरा पांढरा पडला, पण सुई शून्यावर आहे ना, हे ते दर वेळी वाकून बघतच होते. चौथा कोपरा माझ्या ओट्याच्या बाजूचा, जिथे टाकीचं पाणी पहिलं येतं. तिथले पक्षी खोक्यात मावेनात. काटा एकाला आत ढकलतो तर दुसरा बाहेर मान काढतो. सुई गेली, डुलली, परत आली, पुन्हा गेली. काट्याने बेरीज केली. पुन्हा केली. मग वही ह्यांच्याकडे फिरवली.

वर. एका पिसाने म्हणा हवं तर, पण वर.

"शेड धुऊन वाळवलीत की कळवा," काटा म्हणाला, "पिल्लं पाठवतो." मग पिशवीतून दुसरा एक तराजू काढून ह्यांच्यापुढे ठेवला. "हा पण बघता का, काका? ऑफिसात असे आणखी आहेत." आणि वन्सं, तो हसला. दात चांगले आहेत त्याचे.

मी आत जाऊन देवाची माफी मागितली. त्याला म्हटलं, तू माझं ऐकलं नाहीस ते बरं केलंस.

सासूबाईंचा आशीर्वाद, ह्यांचा नमस्कार (ते सांगणार नाहीत, म्हणून मी परस्पर पाठवते), तुमच्या यजमानांना माझी क्षमायाचना.

आपली,
धाकटी भावजय

ता. क. स्टूल आता कुणा गरजूला द्यावं.

ता. क. दुसरा. खरं काम लिहायचं राहिलंच. पुढच्या पिल्लांसाठी तीच पूड लागेल, चार डबे. पण डब्यावरचं लेबल काढून दुसरं काहीतरी लावून पाठवा. 'नवीन, सुधारलेली' असं लिहिलंत तरी चालेल. म्हणजे ह्यांना वाटेल की पहिली खडूच होती आणि आता मेहुण्यांनी ऐकून घेऊन चूक सुधारली. त्यांचा शब्दही राहील आणि पिल्लांची पोटंही. हे खोटं आहे हे मला कळतं. पण लेबल तुम्ही लावणार, मी फक्त सुचवते आहे. सगळं पाप मीच घेत बसले तर साखरेनंतर सोडायला घरात काही उरणार नाही.

ता. क. तिसरा. पाकीट जुनंच उलटं करून वापरलं आहे, आणि डिंक दोन्ही टोकांनाच लावला आहे, मध्ये लावून काय करायचा. हे टपालात टाकायला ह्यांच्याकडे देते आहे. ते दुसऱ्याचं पत्र कधी उघडत नाहीत.

(समासात, उभ्या बाजूने, बारीक अक्षरात)

ताई, पत्र मी उघडलं. मधला डिंक नव्हताच. हिने कागदावर जागाही ठेवलेली नाही म्हणून कडेने लिहितो, भिंग लावून वाच.

उकळी मला पहिल्या दिवसापासून दिसत होती. पातेलं मीच उचलून टाकीत ओतायचो. पण पिल्लांची पोटं बिघडली म्हणून पाणी शुद्ध करायच्या गोळ्या मी त्या टाकीत टाकत होतो. हिला न सांगता, आणि तीन जागी सहा. प्लॅस्टिकचा वास तो तोच. डॉक्टरीणबाईंनी मला फाटकाशी सांगितलं, की त्या गोळ्यांत चांगले जंतू एक तासही टिकत नाहीत. म्हणजे हिने उकळले नसते तरी मी मारलेच असते. ही ते सगळे एकटीच्या माथ्यावर घेऊन बसली आहे, आणि खरं सांगायचं तर मला तोंड उघडायचा धीर होत नाही. तूही सांगू नकोस.

लेबल बदलू नका. दाजींना मी उद्या फोन करतो आणि दरोडेखोर परत घेतो. त्यांना म्हणावं, फोन आपटायचा असला तर आपटा, पण आधी उचला.

आणि डब्यांबरोबर दोन किलो साखर घाल, भेट म्हणून. माझाही चहा तेव्हापासून बिनसाखरेचाच आहे, आणि वय काही झालेलं नाही. विकत आणली तर ही हात लावणार नाही. पण घरी फुकट आलेलं ती वाया जाऊ देत नाही.